पाव चमच्याची माघार
(जागतिक मधुमेह दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)





१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात बालदिन म्हणून साजरा होतो. याच तारखेस १८९१ साली फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. १९२१ मध्ये टोरांटो येथे त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी जे प्रयोग केले, त्यांतून इन्सुलिन जगाच्या हाती आले आणि तोवर अटळ मानला जाणारा कित्येक बालकांचा मृत्यू टळला. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस मधुमेह दिन म्हणून पाळतात. अशा प्रसंगी नवी औषधे, नवी यंत्रे यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपल्याशी चहाविषयी बोलणार आहोत. आणि त्याचा आरंभ एका कबुलीने करणार आहोत.

कित्येक वर्षे आमच्या बाह्यरुग्ण विभागात नव्या मधुमेही रुग्णाच्या हाती एक छापील कागद दिला जाई. त्यावर ठळक अक्षरांत 'वर्ज्य' असे लिहिलेले असे आणि त्याखाली साखर, गूळ, मध, मिठाई, भात, बटाटा, केळी, आंबा, सीताफळ, तळलेले पदार्थ अशी लांबलचक यादी. कागद करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु तो घेऊन गेलेले अनेक रुग्ण पुढच्या तारखेस परत येत नसत. आम्ही त्यास रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणत होतो.

घाटंजीच्या बाजूचे एक शेतकरी असेच गेले ते दोन वर्षांनी आले, ते पायाच्या जखमेसह. अंगठा काळा पडला होता व तो काढावा लागला. शस्त्रक्रियेनंतर आम्ही त्यांना जरा रागानेच विचारले, ''भाऊ, मधे का आला नाहीत?'' ते म्हणाले, ''आठ दिवस समदं बंद केलं होतं जी. मंग पुतण्याच्या लग्नात जिलेबी खाल्ली. पथ्य मोडलं, आता कोन्त्या तोंडानं येऊ, म्हनून गोयाबी सोडल्या.''

आमच्या कागदाने त्यांना दोनच वाटा दाखविल्या होत्या. एक संपूर्ण त्यागाची आणि दुसरी पराभवाची. पहिली आठ दिवसांत संपली आणि दुसरीवर ते दोन वर्षे चालत राहिले. त्या अंगठ्याचा काही भार आमच्याही माथी आहे, असे आम्हांस वाटते.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. कापूस वेचणीला जाणाऱ्या एका बाईंनी आमचा कागद देववाणीसारखा पाळला. गोड सोडले, भात सोडला, सकाळची भाकरीही अर्ध्यावर आणली. गोळ्या मात्र पूर्वीच्याच मात्रेत घेतल्या. दुपारी ऐन उन्हात त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि त्या सऱ्यांमध्येच कोसळल्या. रक्तातील साखर फार खाली उतरली होती. सोबतच्या बायांनी प्रसंगावधान राखून त्यांना वेळेवर येथे आणले. म्हणून या सभागृहातील प्रत्येकाला आमची विनंती आहे की, ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी, उपवास धरण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारावे. तीन-चार चमचे साखरेची पुडी जवळ बाळगावी. माणूस शुद्धीवर असेल तर ती पाण्यात कालवून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला दवाखान्यात न्यावे. साखर कमी करा असे सांगणाऱ्या भाषणात साखर जवळ बाळगा असे ऐकून कोणी बुचकळ्यात पडेल. पण हा विषयच असा दुधारी आहे.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही रुग्णांना 'काय खाऊ नका' हे सांगण्याआधी 'काय खाता' हे विचारू लागलो. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आपल्या जिल्ह्यातील कष्टकऱ्याच्या घरी मिठाई येते ती सणावारी, लग्नकार्यात. पोळ्याच्या पुरणपोळीने किंवा दिवाळीच्या करंजीने वर्षभराची साखर भरत नाही. ती भरते चहाने. पहाटे एक, न्याहारीबरोबर एक, शेतात दुपारी एक, परतल्यावर एक, कोणाकडे गेलो तर एक, कोणी आले तर आणखी एक. दूध परवडले नाही तर चहा काळा होतो, आणि मग साखर उलट वाढते. कारण त्या घोटाने भूक मारायची असते. वेचणीवरच्या मजूर बाईला साखरेचा चहा हे व्यसन नव्हे, ते तिचे दुपारपर्यंतचे इंधन असते. हे न जाणता तिला 'चहा सोडा' म्हणणे सोपे असते.

आता हिशेब पाहू. चहाच्या सपाट चमच्यात साखर मावते साधारण ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला सहा कप धरले तर ६० ग्रॅम झाले. वर्षाचे सुमारे २२ किलो, एका माणसाचे, केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार वरून घातलेल्या साखरेतून (यात मध आणि फळांचा रसही आला) मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणल्यास अधिक बरे. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसाला हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे पाच सपाट चमचे. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे. आपला सहा कपांचा गडी दिवस मावळण्याआधीच तिच्या दुपटीच्या पुढे गेलेला असतो. गुळाचा चहा घेणाऱ्यांनी येथे सुटकेचा श्वास टाकू नये. गुळात काही क्षार असतात हे खरे, परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच आहे आणि मधुमेह्याचे रक्त दोहोंत फारसा भेद करीत नाही.

आणि चमच्याचीही एक गोष्ट आहे. एक गृहस्थ प्रत्येक वेळी सांगत, ''मी त दोनच चमचे घेतो जी.'' तपासणीचे आकडे काही खाली येईनात. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींना आम्ही म्हटले, ''काकू, पुढच्या खेपेस घरचा चमचा घेऊन या.'' त्यांनी आणला तो पोहे खाण्याचा चमचा. शिगोशीग भरून औषधालयातील तराजूवर ठेवला तेव्हा चहाच्या चमच्याच्या जवळजवळ तिप्पट साखर भरली. गृहस्थ खोटे बोलत नव्हते. आम्हीच चमचा पाहिलेला नव्हता.

मग करायचे काय? येथे आम्हांला आधुनिक ग्रंथांइतकाच एका अतिप्राचीन ग्रंथाचा आधार सापडला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अपथ्यकारक गोष्ट एकदम सोडू नये असे सांगितले आहे. तिचा चौथा भाग सोडावा, तेवढ्याच भागाने हितकर गोष्ट जोडावी, काही दिवस थांबावे आणि मग पुढचा भाग घ्यावा. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात चौथ्या भागाचाही चौथा भाग चालेल, इतकी सवलत दिली आहे. जी वस्तू अहितकर असूनही रोजच्या सेवनाने शरीराला मानवू लागते, ती तडकाफडकी काढून घेतली तर शरीर बंड करते, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. आमच्या छापील कागदाने ओळखले नव्हते.

त्यावरून आम्ही पाव चमच्याचा क्रम ठरविला. दोन चमचे घेणाऱ्याने पंधरा दिवस पावणेदोन घ्यायचे, पुढचे पंधरा दिवस दीड, मग सव्वा. अशा सहा पायऱ्यांनी बारा आठवड्यांत अर्ध्या चमच्यावर येता येते. सहा कप तसेच राहिले तरी ६० ग्रॅमचे १५ ग्रॅम होतात. रक्ताची जी तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, तिचा फेराही याच सुमारास येतो. त्यामुळे रुग्णाला आपल्या कष्टाचे फळ कागदावर दिसण्याची शक्यता असते. मध्येच लग्न निघाले, जिलेबी खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून पुढे चालायचे. मागे जायचे नाही आणि गोळ्या सोडायच्या नाहीत. ज्यांची साखर फार चढलेली आहे किंवा ज्यांना जखम झाली आहे, त्यांना इतकी सवड देता येत नाही. त्यांचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात.

हा क्रम प्रथम आम्ही स्वतःवरच चालविला. रुग्णालयाच्या उपाहारगृहात सकाळ-संध्याकाळ मोठ्या पातेल्यात चहा होतो. त्याची साखर आम्ही दर पंधरवड्यास थोडी-थोडी उतरवीत नेली आणि याची वाच्यता केली नाही. दुसऱ्या पंधरवड्यात तक्रार आली की दूध पातळ येत आहे. चौथ्या पंधरवड्यात तक्रारी थांबल्या. पुढे एकदा नेहमीचे आचारी रजेवर गेले आणि बदली आलेल्या गृहस्थांनी जुन्या मापाने साखर घातली. त्या दिवशी परिचारिकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांची एकच ओरड होती की, चहाचा पाक कोणी केला! विश्वस्त मंडळींपैकी काहींनीही तो चहा अर्धा ठेवला होता, हे आज सांगावयास हरकत नसावी.

जिभेच्या या लवचिकतेचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुमारे तीन महिने कमी साखरेचा आहार घेतलेल्यांना तोच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला. त्याच प्रयोगात असेही दिसले की, गोडाची आवड मात्र बदलली नाही. तेव्हा तीन महिन्यांनी पेढा समोर आला असता तो नकोसा वाटेल, असे आश्वासन आम्ही कोणाला देत नाही. तो हवासाच वाटेल. फक्त अर्ध्यात भागेल.

खेड्यातील चहात आणखी एक अडचण आहे, जी शहरी पुस्तकांत आढळत नाही. आपल्याकडे साखर कपात पडत नाही, पातेल्यात पडते. तीही पुष्कळदा मुठीने. मधुमेह सासऱ्याला आणि मूठ सुनेची. तिला कोणी विचारलेले नसते. शिवाय पाहुण्यापुढे फिका चहा ठेवणे म्हणजे घराची इभ्रत घालविणे, ही समजूत फार खोल गेलेली आहे. एका सुनेने आम्हांला सांगितले की, सासऱ्यांसाठी साखर कमी केली तर शेजारीण म्हणते, म्हाताऱ्याला गोडाला महाग केले. म्हणून आता आम्ही रुग्णासोबत त्याच्या घरी चहा करणाऱ्या व्यक्तीलाही बोलावतो. एकासाठी वेगळे पातेले चढविण्याऐवजी साऱ्या घराचे पातेले पाव-पाव चमच्याने उतरविले, तर कोणाला उपकार केल्यासारखे वाटत नाही आणि कोणाला शिक्षा भोगल्यासारखे वाटत नाही.

घरातील निरोगी माणसांना याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख. उंबरठ्यावरचे लोक आत पाऊल टाकीलच असे नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच लोकांवर तीन वर्षे केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार व व्यायाम यांतील साध्या बदलांनी मधुमेह होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक घटले होते.

''आमचा बाप काडीसारखा होता, त्याला कशी साखर निघाली?'' हा प्रश्न येथे वारंवार ऐकू येतो. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांची बाळे यांचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन होते २.७ किलो, तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी होती, स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. वरून बारीक आणि आतून मेदयुक्त, अशी ही देहाची ठेवण मधुमेहास लवकर बळी पडते. उपाशी आईच्या पोटी जन्मलेल्या, दुष्काळात वाढलेल्या आणि पुढे गोड चहावर दिवस काढणाऱ्या माणसाला मधुमेह होतो, तेव्हा त्याला 'खाण्याचे चोचले' म्हणणे अन्यायाचे आहे.

बालपणीच्या साखरेविषयी अलीकडे विलायतेतून एक बोलका पुरावा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तेथे साखरेवर शिधावाटप लागू झाले ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाले. शिधावाटपाच्या काळात गर्भात व बाल्यात असलेल्यांची, आणि नंतर जन्मलेल्यांची, उतारवयातील प्रकृती संशोधकांनी ताडून पाहिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्या मातांनी मुलांना अमृत पाजले नव्हते. त्यांना दुकानात साखर मिळत नव्हती, इतकेच. दुधाच्या बाटलीत साखर घालणाऱ्या, वर्षाच्या लेकराला बशीत चहा ओतून देणाऱ्या आज्यांना आम्ही ही हकीकत आवर्जून सांगतो.

चहानंतर भाकरीविषयी थोडेसे. ज्वारी आपल्या ताटातून हळूहळू गेली. सोयाबीन आले, रानडुकरे आणि रोही यांनी उभी पिके खाल्ली, आणि शिधावाटप दुकानातून गहू-तांदूळ घरात आला. शेतकऱ्याने ज्वारी का सोडली याची कारणे त्याच्या बांधावर उभे राहिल्याशिवाय कळणार नाहीत. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले म्हणून ती आपोआप परत येणार नाही. आमचे सांगणे एवढेच की, आठवड्यातून दोन वेळा भाकरी, सोबत वाटीभर तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, आणि भात थोडा मागे, अशी सुरुवात करावी. ज्वारी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी खाल्ल्या तर ज्वारीचीही साखरच होते.

आणि आता, देणगीदार बंधू-भगिनींनो, जे सांगण्यास आम्ही गेली काही वर्षे कचरत होतो ते सांगतो.

आपण वडिलांच्या पुण्यतिथीला, नातवाच्या वाढदिवसाला, दुर्गोत्सवात, येथे येऊन रुग्णांना आपल्या हाताने पेढे, बुंदीचे लाडू, शिरा वाटता. यवतमाळच्या दुर्गोत्सवात तर दिवसातून दोनदा प्रसाद येतो. त्यामागील भावना आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु पुरुष-कक्षातील ज्या खाटांपुढे आपण थांबता, त्यांतील कित्येकांच्या पायाला बांधलेली पट्टी मधुमेहाची असते. देणाऱ्याला नाही म्हणवत नाही आणि प्रसाद नाकारवत नाही, म्हणून रुग्ण तो खातो. परिचारिका पाहत राहते आणि रात्री इन्सुलिनची मात्रा वाढवावी लागते. भेटीस येणारे आप्तेष्टही ग्लुकोजची बिस्किटे आणि शीतपेयाची बाटली घेऊन येतात, 'ताकद यावी' म्हणून. तीनशे मिलिलिटरच्या त्या बाटलीत सहा चमच्यांहून अधिक साखर असते.

एका देणगीदार कुटुंबाला आम्ही हे प्रथम सांगितले तेव्हा ते दुखावले गेले. दोन वर्षे त्यांचे येणे थांबले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या घरातील आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, ''पेढे नाही म्हणता, तं मंग मी देऊ काय, ते तरी सांगा.'' तो प्रश्न रास्त होता. आम्ही नकार दिला होता, पर्याय दिला नव्हता. तोच जुना 'वर्ज्य'चा कागद आम्ही देणगीदारांच्या हातीही दिला होता.

म्हणून यंदा विचारपूर्वक सांगतो. प्रसादच द्यावयाचा असेल तर भिजवलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, मोडाची उसळ, ताक, पेरूच्या फोडी द्याव्यात. सणाला गोड हवेच असेल तर एका पेढ्याचे दोन भाग करावेत आणि वाटण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे. त्याहून मोठे काही करण्याची इच्छा असेल, तर घरी साखर तपासण्याच्या पट्ट्या द्याव्यात. यंत्र एकदा मिळते, पट्ट्या मात्र पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात आणि मजुराचे तेथेच अडते. पायाची संवेदना गेलेल्यांसाठी मऊ रबरी तळाच्या खास चपला मिळतात, त्याही द्याव्यात. पऱ्हाटीच्या धसकटांत अनवाणी चालणाऱ्या माणसाला जखम झाल्याचे कळत नाही. ती चप्पल त्याचा पाय वाचवू शकते. आजीबाईंनी त्या वर्षी चपला दिल्या. घाटंजीकडचे ते शेतकरी आज तशाच चपला घालून मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या अनुमतीनेच त्यांची हकीकत आम्ही सांगितली.

उमरखेड तालुक्यात पोफाळीला साखर कारखाना उभारणाऱ्या जिल्ह्यात आम्ही हे बोलतो आहोत, याची आम्हांला जाणीव आहे. ऊस पिकविणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. आमचे म्हणणे पाव चमच्यापुरते आहे.

आहार-मार्गदर्शनासाठी येताना रुग्णासोबत घरी चहा करणाऱ्या व्यक्तीला घेऊन यावे, चालू गोळ्यांची पाकिटे आणावीत, आणि घरात साखरेच्या डब्यात असतो तोच चमचा आणावा. नवा विकत घेऊ नये. बाहेर ओसरीत चहा तयार आहे. आज साखर पातेल्यात घातलेली नाही, ती वेगळ्या वाट्यांत ठेवली आहे. प्रत्येक वाटीत चहाचा एक चमचा आहे आणि शेजारी औषधालयातील तराजूही मांडून ठेवला आहे.